न चाललेल्या रोबोटचं बक्षीस

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या हॉलमधला सोफा उभा करून भिंतीला टेकवला, तो उन्हाळा लागेपर्यंत तसाच होता. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणून द्यायची आणि ते खाली अंथरलेल्या मोठ्या पांढऱ्या फ्लेक्सकडे बघत चहा प्यायचे. फ्लेक्स कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता. माझ्या मुलीनं तो नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या मंडळाकडून मागून आणला होता, कारण त्याची मागची बाजू पांढरी होती आणि तिच्या रोबोटला पांढऱ्यावर काळी रेघ लागत होती. पुढाऱ्याचे जोडलेले हात फरशीकडे, आणि वर काळ्या चिकटपट्टीचा वळणावळणाचा रस्ता.

ती तेव्हा नववीत होती. शाळेत नवीन आलेल्या विज्ञानाच्या सरांनी रोबोटिक्सचा संघ काढला होता. लातूरला शाळाशाळांची स्पर्धा होणार होती आणि प्रत्येक संघात दोघं. रोबोट म्हणजे माणसासारखा वगैरे काही नाही, हातभर लांबीची चाकांची गाडी. तिच्या पोटाखाली सेन्सर, ते काळी रेघ ओळखतात. गाडीनं आपली आपण रेघेवरून जायचं, मधल्या चौकात थांबायचं, तिथला लाकडी ठोकळा उचलायचा आणि शेवटच्या डब्यात टाकायचा. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या हॉलमध्ये ती गाडी कितीतरी दिवस डावीकडचं वळण आलं की सरळ जाऊन उभ्या सोफ्याला धडकत होती.

"मम्मी, ती लेफ्ट घेऊनच नाही राहिली," मुलगी म्हणायची.

"मग काय करायचं?"

"बघून राहिलो ना."

बघून राहिलेला दुसरा म्हणजे तिचा जोडीदार. बिलोलीचा मुलगा. वडिलांचं तिथं खता-बियाण्यांचं दुकान होतं आणि शिकायला म्हणून तो नांदेडला मामाकडे राहायचा. माझ्या मुलीनं गाडीला रेघ शिकवली आणि त्यानं तिला हात दिला. सायकलच्या तारा, कपडे वाळत घालायचे चिमटे, जुन्या खेळण्यातली मोटर, एवढ्यावर त्यानं ठोकळा उचलणारा पंजा बनवला होता. बोलायचा फार कमी. संध्याकाळी शाळेचं दप्तर दारात टाकायचा, "काकू, पाणी," म्हणायचा आणि पाणी पिऊन थेट फ्लेक्सवर पालथा पडायचा. दोघं नाक जमिनीला लावून त्या गाडीच्या मागं सरपटत असायची. भांडायची पण. त्याचं म्हणणं, पंजा जड आहे म्हणून गाडी एका बाजूला ओढते. तिचं म्हणणं, मोटर सारख्या नाहीत. शेवटी तिचंच खरं निघालं. डावी मोटर उजवीपेक्षा जरा सुस्त होती. तिनं प्रोग्राममध्ये तेवढा फरक घातला आणि एका संध्याकाळी गाडी डावीकडं वळली. मी पोळ्या टाकून तशीच बाहेर आले. मुलानं गाडी उचलली आणि परत सुरुवातीला ठेवली. परत वळली. मग त्यानं माझ्याकडं बघून सांगितलं, "काकू, वळली."

माझ्या नवऱ्याला हे सगळं आवडत होतं, पण हॉलपुरतं. ते बँकेत आहेत, मी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात. आमच्या दोघांच्या नात्यातली, ऑफिसातली, कॉलनीतली सगळी मुलं नववीपासून फाउंडेशन बॅचला जात होती. फाउंडेशन म्हणजे अकरावी-बारावीच्या क्लासची आधीची तयारी. पूर्वी लातूरला अकरावीत जायचं असायचं. आता त्याची सुरुवात नववीत होते, आणि नांदेडलाही गल्लोगल्ली क्लास झालेत.

"हे स्पर्धेपुरतं होऊ द्या," नवरा म्हणायचे. "मग तिला बॅच लावू."

"तिला विचारा."

"नववीच्या पोरीला काय विचारायचं?"

या विषयावर आमचं सरळ बोलणं कधी होत नसे, कारण मी स्वतः लातूरची होते. म्हणजे माहेर देगलूरचं, पण दहावीला चांगले मार्क पडले म्हणून वडिलांनी मला अकरावीला लातूरला ठेवलं. तेव्हा लातूरचं नाव नुकतंच सगळीकडं व्हायला लागलं होतं. आम्ही तिघी एका घराच्या मागच्या खोलीत राहायचो. मी बारावीत होते त्या वर्षी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं, भिंतीला भेगा गेल्या. आम्ही पुढं कित्येक दिवस मैदानात झोपलो. आमच्यातली एक औसा तालुक्यातली. तिला न्यायला काका आले. पुष्कळ दिवसांनी ती परत आली ती एकच पिशवी घेऊन. घर राहिलं नव्हतं, आई राहिली नव्हती. वडील पत्र्याच्या शेडमध्ये होते आणि त्यांनीच तिला परत पाठवलं होतं, तू बॅच चुकवू नको म्हणून. ती आली त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला बसली. मांडव घालून त्यात फळा लावला होता, सरांचा आवाज वाऱ्यानं इकडं तिकडं जायचा. ती सगळं उतरवून घेत होती.

लोक आजही अभिमानानं सांगतात की भूकंपातसुद्धा लातूरच्या बॅच बंद पडल्या नाहीत. खरं आहे. पण आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा बंद पडली. इमारतीला तडे गेले म्हणून तिला कुलूप लागलं, ते आम्ही बाहेर पडेपर्यंत निघालं नाही. प्रिझम, सोनोमीटर, मीटर ब्रिज, सगळं आम्ही पुस्तकातल्या आकृत्यांवरून पाठ केलं. परीक्षेला आलेल्या सरांनी झाडाखाली टेबल टाकून चार प्रश्न विचारले आणि सगळ्यांना भरघोस मार्क दिले. त्या परिस्थितीत त्यांनी तरी दुसरं काय करायचं होतं. पण मला विज्ञान मनापासून आवडायचं, आणि प्रिझममधून निघालेले रंग मी आजतागायत स्वतःच्या हातानं पाडलेले नाहीत. मेडिकल थोडक्यात हुकलं, नांदेडला जीवशास्त्रातून बीएस्सी केलं, परीक्षा देऊन नोकरीला लागले. औशाची ती मैत्रीण मात्र डॉक्टर झाली, आता तिथंच दवाखाना आहे. नवऱ्याला ही गोष्ट माहीत होती. वाद झाला की ते म्हणायचे, "तिला कुणी वर काढलं? बॅचनंच ना?" यावर मला आणखी राग यायचा.

संक्रांतीच्या सुमाराला बिलोलीच्या मुलाचे वडील घरी आले. हातात हरभऱ्याच्या ओल्या डहाळ्यांची पेंढी होती. ते खुर्चीवर बसले आणि फ्लेक्सकडं बघत राहिले. मुलगा दारातच उभा होता, आत येत नव्हता.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले. "पोराला बॅच लावली. सांजच्याला असती. आता इकडं याया जमायचं न्हाई."

"अहो, स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. तेवढं होऊ द्या."

"क्लासच्या सरला बोललो मी. ते म्हणाले मधी आला तर पोरगं मागं पडतंय. आधीच उशीर झालाय म्हणाले." त्यांनी फ्लेक्सकडं बोट केलं. "ह्ये चांगलं हाय, लई चांगलं हाय. पण ह्याच्यावर कुठं ॲडमिशन भेटत न्हाई ना ताई."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मुलगा जाताना माझ्या मुलीला जास्तीच्या तारा आणि चिमट्यांची पिशवी देऊन गेला. "स्क्रू ढिला पडतो," त्यानं सांगितलं. "दर टायमाला बघत जा."

मुलगी त्या रात्री जेवली नाही. मी शाळेत जाऊन सरांना भेटले. सर तरुण होते, उत्साही होते, पण त्यांचाही नाइलाज होता. संघात दोघं पाहिजेतच, नाहीतर नाव रद्द. रोबोटचं थोडंफार समजणारी मुलं सगळी बॅचला. शेवटी हेडमास्तरांनी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचं नाव घातलं, कारण तिच्या घरच्यांनी हरकत घेतली नाही. ती मुलगी गुणी होती. आमच्या घरी दोनदा आली, चप्पल नीट काढून ठेवून भिंतीला टेकून बसली आणि माझी मुलगी सांगेल ते ऐकत राहिली. जाताना मला म्हणाली, "काकू, मला यातलं काहीच येत नाही. तिला म्हणावं मी हात नाही लावणार."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळी सरांनी ठरवलेल्या गाडीनं निघालो. सर पुढं, मागं मी आणि दोघी मुली, रोबोट माझ्या मुलीच्या मांडीवर. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी खड्ड्यात आदळली की ती दोन्ही हातांनी रोबोट वर उचलून धरायची. चाकूरच्या पुढं तिनं पंजाचा स्क्रू आवळला, लातूर आल्यावर परत आवळला.

पत्ता एका कोचिंग क्लासचा होता. मला वाटलं होतं त्यांनी हॉल दिला असेल. गेटवर मोठा फ्लेक्स होता. त्यावर गेल्या वर्षी मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो, रांगाच्या रांगा, आणि खाली कोपऱ्यात एक रोबोट. आत गेलो तर टेबलावरच्या मुलीनं आमच्या दोघी मुलींच्या हातात उत्तरपत्रिका आणि पेन दिलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आधी टेस्ट आहे मॅडम. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, रीझनिंग. मग रोबो राउंड."

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "मला छोटी क्विझ आहे म्हणून सांगितलं होतं."

छोटी नव्हती. मुलं दोन तास आत होती. रोबोट बाहेर जिन्याच्या चौकात एका सतरंजीवर ओळीनं ठेवायला लावले होते, प्रत्येकावर शाळेच्या नावाची चिठ्ठी. आईवडिलांना वरच्या एसी हॉलमध्ये बसवलं. ब्लेझर घातलेला एक तरुण माईक घेऊन उभा होता, स्पर्धेचा संयोजक म्हणून त्यानं स्वतःची ओळख करून दिली आणि पुढं रोबोटबद्दल अवाक्षर काढलं नाही. नववी, दहावी, इंटिग्रेटेड, रिपीटर, होस्टेल, मेस, पडद्यावर एकामागून एक. माझ्या बाजूची बाई फोनमध्ये फोटो काढत होती. मी मधेच उठले. दारातल्या मुलानं विचारलं, "मॅडम, काउन्सेलिंगचं टोकन घेतलं का?" मी खाली येऊन सतरंजीजवळ उभी राहिले. निदान कुणी पाय देऊ नये.

टेस्ट लांबली म्हणून सरावाची वेळ रद्द झाली. ठरल्याप्रमाणं प्रत्येक संघाला मैदानावर गाडी चालवून बघायला मिळणार होती. ती चालवल्याशिवाय सेन्सर त्या जागेच्या उजेडाला जुळवता येत नाहीत, एवढं ऐकून ऐकून मलाही कळायला लागलं होतं. मैदान म्हणजे टेस्ट झालेल्या हॉलमधल्या स्टेजवर ठेवलेलं मोठं टेबल आणि त्यावर चकचकीत फ्लेक्स. एका बाजूला उघडी खिडकी. दुपारचं ऊन बरोबर डाव्या वळणावर पडलेलं, आणि काळी रेघ तिथं पांढरी चमकत होती. मला ते खुर्चीत बसल्या जागेवरून दिसत होतं.

आमचा नंबर आला. मुलगी त्या ब्लेझरवाल्याला म्हणाली, "सर, पाच मिनिटं द्या. सेन्सर सेट करते."

"सगळ्यांना सारखंच बेटा. वेळ नाही."

"मग निदान खिडकीचा पडदा लावा."

"पडदा नाहीये. चला, स्टार्ट."

तिनं गाडी ठेवली. सुरुवातीचा सरळ रस्ता, पहिलं उजवं वळण, चौक. चौकात थांबली, पंजा खाली आला, ठोकळा उचलला. सर माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात आपटला. मग डावं वळण आलं. गाडी उन्हात शिरली आणि तिला रेघ दिसेनाशी झाली. जागच्या जागी गोल फिरायला लागली, एकदा, दोनदा, आणि टेबलाच्या कडेकडं निघाली. मुलीनं ती पडता पडता झेलली. पंजा निसटून खाली पडला होता. वर्गात पहिली येणारी मुलगी वाकून त्याचे तुकडे गोळा करत होती. "पुढचा संघ," माईकमधून आवाज आला.

मी स्टेजच्या पायरीपाशी गेले. मला राहवलं नाही. म्हणाले, "तुम्ही सरावाला वेळ देणार होता. मुलं इतके महिने मेहनत करतात आणि तुम्ही तिला पाच मिनिटं देत नाही? टेस्टला दोन तास आहेत तुमच्याकडं."

तो अजिबात चिडला नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं. खालच्या आवाजात हसून म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका. तुमच्या संघाची टेस्ट फार छान गेलीय."

"मी टेस्टचं विचारलं नाही."

"मम्मी, बास," मागून मुलगी म्हणाली. गाडी छातीशी धरलेली, कान लाल झालेले. "सगळे बघून राहिलेत. बास."

मी बसले. मग राहिलेले संघ बघितले. बहुतेक गाड्या त्याच वळणावर चुकत होत्या. एकच गाडी नीट गेली. निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेच्या दोन मुली होत्या, केसांना लाल रिबिनी. गाडी दिसायला ओबडधोबड, पुठ्ठ्याची. पण ती उन्हात शिरली आणि तशीच रेघेवरून बाहेर आली, आणि ठोकळा डब्यात टाकला. टाळ्या वाजल्या. माझी मुलगी उभी राहून बघत होती.

निकालाला वेळ होता. मी बाहेर आले तर ती जिन्यावर त्या दोघींच्या मध्ये बसलेली. गाडी उलटी करून तिघी तिच्या पोटात बघत होत्या.

"काळा कागद लावलाव," त्यातली एक सांगत होती. "सेन्सरच्या भोवती, झालरीसारखा. बाहेरचा उजेड आत येत न्हाई मग."

"मग खाली अंधार झाल्यावर त्याला दिसतं कसं?"

"त्याचा त्याला बल्ब हाय की."

माझी मुलगी हसली. दिवसभरात पहिल्यांदा. "एवढंच?"

"एवढंच. आमच्या वर्गाला पत्रा हाय, भोकं हायत त्याला. ऊन खाली येतंय. लई तरास दिला त्यानं."

मी मागं फिरले. त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं, पण गेले नाही. अर्धा तास तरी त्या तिघी तिथं होत्या. एकीनं आपल्याजवळचा काळा कागद फाडून दिला, माझ्या मुलीनं तिला प्रोग्राममधली कसली तरी युक्ती सांगितली. मला वाटलं, ठीक आहे, एवढ्यासाठी आलो असं समजू.

निकाल टेस्ट आणि रोबोट दोन्हीचे गुण मिळून होता. पहिला नंबर लातूरच्याच एका शाळेला गेला. दुसरा आम्हाला. नाव पुकारलं तेव्हा मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीचे टेस्टमधले गुण सगळ्या हॉलमध्ये जास्त होते. निलंग्याकडच्या मुलींना काहीच नव्हतं. प्रमाणपत्रं वाटली तेव्हा त्यांचं नाव बाकीच्यांबरोबर यादीत येऊन गेलं.

दोघी स्टेजवर गेल्या. करंडक मोठा होता, सोनेरी, त्यावर क्लासचं नाव. "रोबोट पण घ्या फोटोत," ब्लेझरवाला म्हणाला. माझ्या मुलीनं पंजा नसलेली गाडी वर धरली. बरोबर फाउंडेशन कोर्सच्या फीमधल्या सवलतीचं कूपनही मिळालं, दोघींना एकेक.

मुलं खाली पांगली तशी मी परत संयोजकाकडं गेले. हे माझ्या मुलीसाठी नव्हतं. म्हणाले, "ज्यांची गाडी चालली त्यांना काही नाही, आणि आमची टेबलावरून खाली पडत होती. मग स्पर्धा कशाची होती?"

त्यानं माईकची वायर गुंडाळता गुंडाळता माझ्याकडं खऱ्याखुऱ्या आश्चर्यानं बघितलं. "मॅडम, तुम्हाला तर बक्षीस मिळालंय. तरी तक्रार?"

त्याच्या मागं मुलं टेबल उचलत होती. संध्याकाळच्या बॅचसाठी हॉलमध्ये बाकं लावायची होती. मी आणखी काही बोलले असते, पण तो पुढं गेला होता.

परतीच्या वाटेवर सर खुश होते. हेडमास्तरांना फोन झाला, घरच्यांना झाला. अहमदपूरला चहाला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "पहिल्याच वर्षी दुसरा नंबर. काय कमी आहे?"

मुलीनं विचारलं, "सर, त्या मुलींचं काय?"

"नियम असतात बेटा. त्यांनी टेस्ट नीट द्यायला पाहिजे होती."

"त्यांची गाडी चालली."

"हाव, चालली ना. पण नियम."

वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीनं चहाचा कप तसाच खाली ठेवला. "मी आले नसते तर बक्षीस मिळालं नसतं ना?" तिनं माझ्या मुलीला विचारलं. आवाज रडवेला होता. "मग तुला एवढं वाईट नसतं वाटलं." माझी मुलगी तिला म्हणाली, "तुझं काय त्यात," आणि आपल्या बशीतलं बिस्कीट तिला दिलं.

शाळेत फलक लागला. स्थानिक पेपरात फोटो आला. नवऱ्यानं तो बँकेत सगळ्यांना दाखवला आणि घरी येऊन म्हणाले, "सवलतीचं बघून घेऊ का?" मग क्लासमधून फोन सुरू झाले. आधी मला, मग त्यांना, मग परत मला. प्रत्येक वेळी वेगळा आवाज आणि तेच अभिनंदन. मी ऑफिसात टपालाचा गठ्ठा समोर घेऊन बसलेली असायची आणि फोन वाजायचा. एकदा मी सरळ विचारलं, "आमचा रोबोट चालला का नाही, तुम्हाला माहीत आहे का?" पलीकडची मुलगी गोंधळली. म्हणाली, "मॅडम, मी काउन्सेलिंगला आहे."

पुढच्या एका रविवारी बॅचला सुट्टी होती म्हणून बिलोलीचा मुलगा आला. करंडकाकडं त्यानं नुसतं एकदा बघितलं. "पंजा कुठाय?" म्हणाला. दुपारभर बसून त्यानं तो दुरुस्त केला. मुलीनं सेन्सरभोवती काळ्या कागदाची झालर चिकटवली, हॉलची खिडकी मुद्दाम उघडी ठेवली आणि गाडी सोडली. गाडी सगळा रस्ता फिरली. ठोकळा डब्यात पडला. नवरा आतल्या खोलीत टीव्ही बघत होते, त्यांना मी हाक मारली, पण ते येईपर्यंत झालं होतं. "परत दाखवा," ते म्हणाले. मुलानं घड्याळ बघितलं. त्याची सोमवारची टेस्ट होती.

जूनमध्ये शाळेनं सांगितलं, दहावीच्या मुलांनी रोबोटिक्समध्ये वेळ घालवू नये. गाडीतले शाळेचे भाग परत द्यावे लागले. त्याच सुमाराला विज्ञानाच्या सरांनी शाळा सोडली. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला गेले. मी त्यांना दोष देत नाही. शाळेत त्यांची नोकरी पक्की नव्हती आणि घरी लहान मूल होतं. पण मला कुणावर तरी चिडायचं होतं आणि चिडावं असं कुणी सापडत नव्हतं.

दहावीचा निकाल लागला. मी तोवर मनाशी ठरवून ठेवलं होतं. तिला नांदेडलाच ठेवायचं, नाहीतर सरळ पॉलिटेक्निकला घालायचं, तिथं हातानं काम तरी करायला मिळेल. नवऱ्याशी भांडायची सगळी तयारी केली होती. जेवताना विषय काढला. ते बोलायच्या आधी मुलगी बोलली.

"मला लातूरला जायचंय."

नवऱ्यानं घास खाली ठेवला. त्यांनाही हे अपेक्षित नव्हतं.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"कुणी नाही. मला चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजला जायचंय, जिथं खरी लॅब असते. तिथं जायचा रस्ता कुठून आहे?"

मी तिच्या ताटात भाजी वाढली.

"सांग ना मम्मी. दुसरीकडून असेल तर तिकडून जाते."

"दोन वर्षं नुसतं उतरवून घ्यावं लागेल. हात लावायला काही मिळणार नाही. मी बघितलंय ते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दोनच वर्षं."

मग आम्ही तिला सोडायला गेलो. होस्टेलच्या खोलीत तीन कॉट होत्या. तिनं दाराजवळची घेतली, चादर अंथरली, पुस्तकं लावली. नवरा मेसच्या माणसाशी बोलत होते. मी तिला म्हणाले, "नाही जमलं तर लगेच फोन कर. कुणी काही म्हणणार नाही." ती म्हणाली, "जमेल." खाली पोरींचा लोंढा वह्या छातीशी धरून रस्ता ओलांडत होता, आणि चपला घालून तीही त्यांच्याबरोबर निघाली, कारण पहिल्या बॅचची वेळ झाली होती.

आता ती बारावीत आहे. दर रविवारी टेस्ट असते. संध्याकाळी फोन करते, आधी मार्क सांगते, मग मेसच्या भाजीबद्दल तक्रार करते. मार्क चांगले आहेत. मी दुसरं काही विचारायला लागले, काही बनवावंसं वाटतं का, सुट्टीत घरी आलीस की काही सामान आणून ठेवू का, तर म्हणते, "मम्मी, सध्या नको." आणि मला फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुधरत नाही.